सिस्कियू पर्वतप्रदेश

सिस्कियू पर्वतप्रदेश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतचा एक अतिशय दुर्गम डोंगराळ प्रदेश. कॅलिफोर्निया राज्याचा वायव्य भाग व ओरेगन राज्याचा नैर्ऋत्य भाग यांत, ४२° उ. अक्षवृत्ताच्या म्हणजेच या दोन राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंस तो पसरला आहे. क्लॅमथ पर्वतसमूहाचा हा उत्तरेकडील भाग होय. दक्षिणेस क्लॅमथ नदी, उत्तरेस रोग् नदी, पश्चिमेस पॅसिफिक महासागराची किनारपट्टी आणि पूर्वेस कॅस्केड पर्वत अशा त्याच्या स्थूल सीमा आहेत. मौंट ॲशलंड (२,२९६ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर असून प्रेस्टन शिखर (२,२२८ मी.) हे पश्चिम भागातील सर्वांत उंच आहे. या उंच्या फारशा नसल्या, तरी अरुंद कडे, खोल घळी व तीव्र उतार यांमुळे याहून कितीतरी उंच पर्वतांपेक्षा हा प्रदेश ओलांडण्यास कठीण ठरला आहे. वनस्पतींच्या वैविध्यासाठी तो शास्त्रज्ञांत विख्यात आहे. त्यातून रस्ते न्यावेत की नाही, या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या वादामुळे त्याला अमेरिकेच्या विधी-इतिहासातही स्थान मिळाले आहे.

भूरचना : उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील बहुतेक पर्वतश्रेणी दक्षिणोत्तर आहेत. सिस्कियू श्रेणी मात्र सामान्यपणे पूर्व-पश्चिम जाते आणि किनारी श्रेणी व अंतर्भागातील कॅस्केड पर्वत यांच्यात पुलासारखी पसरली आहे [⟶ कॅस्केड पर्वत]. तिचे खडक स्थानिक नव्हेत. महासागराच्या तळाचे तुकडे, ज्वालामुखी द्वीपमालिकांचे अवशेष आणि सागरी गाळाचे थर हे भूपट्टांच्या हालचालींमुळे एकामागून एक खंडाच्या काठाला येऊन चिकटले व त्यांतून हा पर्वत घडला. सर्वसाधारणपणे पूर्वेकडील पट्टे जुने व पश्चिमेकडील पट्टे नवे आहेत. पश्चिम भागात जोझेफीन या नावाने ओळखला जाणारा सागरतळाचा एक प्रचंड खंड उघडा पडलेला असून तो सु. १६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यातील पेरिडोटाइट हा खडक मूलतः पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचा भाग होय. पाण्याशी संयोग होऊन या खडकाचे रूपांतर हिरवट, गुळगुळीत, सापाच्या कातडीसारख्या दिसणाऱ्या सर्पेंटाइनमध्ये होते. याशिवाय डायोराइट, गॅब्रो, संगमरवर, शिस्ट इ. खडकही अल्प अंतरात आलटून पालटून आढळतात. संगमरवरात कोरल्या गेलेल्या ओरेगन केव्ह्‌ज या गुंफांना १९०९ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

स्मिथ, इलिनॉय, चेटको व ॲपलगेट या येथील प्रमुख नद्या होत. पर्वत उंचावत असतानाच त्यांनी आपली पात्रे खोल खोदल्यामुळे खोरी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची झाली आहेत. उंच भागात हिमयुगातील लहान हिमनद्यांनी कोरलेली कुंडे व त्यांतील सरोवरे दिसतात. तथापि हा प्रदेश सलग हिमाच्छादनाखाली कधीही गेला नाही. त्याच्या वनश्रीच्या इतिहासाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे.

हवामान : उन्हाळा कोरडा व हिवाळा ओला असे भूमध्य सागरी प्रकाराला जवळचे हवामान येथे आढळते. समुद्राकडून येणारे वारे पश्चिम उतारांवर भरपूर पाऊस देतात. तेथे वार्षिक पर्जन्यमान २,५०० मिमी.हून अधिक असते. पूर्वेकडे ते झपाट्याने घटते व रोग् नदीच्या खोऱ्यातील मेडफर्ड येथे जेमतेम ५०० मिमी.पर्यंत येते. उंच भागात हिवाळ्यात बर्फ साचते. उन्हाळ्याच्या अखेरीस पावसाविना होणाऱ्या विजांच्या वादळांमुळे वणवे लागतात. अशा रीतीने शंभर-सव्वाशे किमी. अंतरात पर्जन्याचा, उंचीचा व खडकांचा इतका फरक पडतो, की एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन भिन्न प्रदेशांतील वने उभी असावीत असा भास होतो.

वनश्री : किनाऱ्यालगतच्या धुक्याच्या पट्ट्यात किनारी रेडवुड वृक्षांची उत्तर सीमा आहे. चेटको नदीच्या खोऱ्यात ती ओरेगन राज्यात किंचित शिरते. त्याच्या आत, कमी उंचीच्या ओलसर उतारांवर डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष वरचा थर व्यापतो. त्याखाली टॅनओक, माद्रोन, कॅन्यन लाइव्ह ओक व चिंकापिन या जाड पानांच्या सदापर्णी वृक्षांचा दुसरा थर असतो. उंच सूचिपर्णी आणि त्यांखाली रुंदपर्णी सदाहरित असा दुमजली रचनेचा हा मिश्रवनाचा प्रकार या प्रदेशाचे खास वैशिष्ट्य होय. पूर्वेकडील कोरड्या उतारांवर पाँडेरोसा पाइन, पानझडी ओक व मॅंझनीटा यांची विरळ वने व झुडपी राने आढळतात. मध्यम उंचीवर व्हाइट फर, त्याहून वर शास्ता रेड फर आणि माथ्यानजीक मौंटन हेमलॉक असा क्रम लागतो. ओढ्यांच्या काठाने पोर्ट ऑर्फर्ड सीडार या सुगंधी लाकडाच्या वृक्षाच्या रांगा असतात. संपूर्ण क्लॅमथ पर्वतसमूहात सूचिपर्णी वृक्षांच्या सु. ३० जाती आढळतात. समशीतोष्ण कटिबंधातील एवढ्याच क्षेत्राच्या दृष्टीने ही संख्या असाधारण आहे.

सर्पेंटाइन खडकांवरील वनश्रीचे स्वरूप यापेक्षा सर्वस्वी निराळे आहे. या खडकांपासून बनलेल्या तांबूस मृदेत कॅल्शियम अत्यल्प, मॅग्नेशियम विपुल आणि निकेल, क्रोमियम यांसारख्या वनस्पतींना घातक धातूंचे प्रमाण अधिक असते. सामान्य वृक्ष अशा जमिनीत तग धरीत नाहीत. डग्लस फरची घनदाट वने एखाद्या रेषेवर एकाएकी संपतात आणि तिच्यापलीकडे एकमेकांपासून दूर उभे असलेले जेफ्री पाइन, त्यांच्यामधून वाढलेले गवत, खुरटी ओक व मॅंझनीटा यांची झुडपे असे उजाड वाटणारे दृश्य सुरू होते. ही रेषा म्हणजे दोन खडकांची सीमा होय. मात्र या ओसाडीत अनेक प्रदेशनिष्ठ वनस्पती वाढतात. स्पर्धक वृक्ष नसल्याने कठीण मृदेला सरावलेल्या जातींना तेथे आश्रय मिळाला आहे. सर्पेंटाइन उतारांवरून पाणी झिरपते अशा दलदलींत डार्लिंग्टोनिया ही कीटकभक्षक वनस्पती मोठ्या संख्येने उगवते. नागाच्या उभारलेल्या फण्यासारख्या तिच्या पोकळ पानांत शिरलेल्या कीटकाला बाहेर पडण्याची वाट सापडत नाही व त्याच्या कुजण्यातून वनस्पतीला नायट्रोजन मिळतो. १८४१ मध्ये विल्क्स यांच्या सागरी मोहिमेची एक तुकडी ओरेगनहून खुष्कीच्या मार्गाने कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. तिच्यातील विल्यम ब्रॅकनरिज यांना शास्ता पर्वताच्या परिसरात ही वनस्पती प्रथम आढळली व १८५३ मध्ये जॉन टॉरी यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

येथील दुर्मिळ वृक्षांत ब्रुअर स्प्रूस अग्रगण्य आहे. खाली लोंबणाऱ्या लांब डहाळ्यांमुळे तो ओळखू येतो. १८८५ मध्ये त्याचे वर्णन होऊन वनस्पतिज्ञ विल्यम ब्रुअर यांचे नाव त्याला देण्यात आले. क्लॅमथ पर्वतसमूहाबाहेर तो नैसर्गिक रीत्या वाढत नाही. पूर्वी त्याच्या निकटच्या आप्तांचा विस्तार पश्चिम अमेरिकेत बराच मोठा होता, असे जीवाश्मांवरून दिसते. कल्मिऑप्सिस लीचियाना या लहान गुलाबी फुलांच्या क्षुपाची कथाही अशीच आहे. जून १९३० मध्ये लिला लीच व त्यांचे पती जॉन लीच हे गाढवांवर सामान लादून इलिनॉय नदीच्या पश्चिमेकडील डोंगरांत वनस्पती गोळा करीत असताना हे क्षुप त्यांना आढळले. ते केवळ नवी जातीच नव्हे, तर नव्या प्रजातीचे प्रतिनिधी असल्याचे १९३२ मध्ये निश्चित झाले. ज्या प्रदेशात ते सापडले तेथे चाकाचे वाहन जाऊ शकत नव्हते. अशा प्राचीन अवशिष्ट वनस्पती येथे कशा टिकल्या, या प्रश्नाचे उत्तर हिमाच्छादनापासून बचावलेली भूमी, दोन पर्वतश्रेणींना जोडणारे स्थान व खडकांची विविधता या तीन कारणांत सापडते.

या वनश्रीचा पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट व्हिटकर यांनी केला. १९४९ पासून त्यांनी डायोराइट, गॅब्रो व सर्पेंटाइन या तीन प्रकारच्या खडकांवरील वनस्पतिसमूहांची तुलना केली व १९६० मध्ये त्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. एका ठिकाणची विविधता, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणारा बदल आणि संपूर्ण प्रदेशाची एकूण विविधता यांसाठी अनुक्रमे अल्फा, बीटा व गॅमा विविधता या संज्ञा त्यांनी या प्रबंधात योजल्या. परिस्थितिविज्ञानात आज जगभर रूढ असलेली ही परिभाषा सिस्कियूच्या उतारांवर तयार झाली आहे.

मूळ रहिवासी : या पर्वताच्या पायथ्याशी अनेक इंडियन जमाती प्राचीन काळापासून राहत आल्या आहेत. क्लॅमथच्या मध्यभागात कारुक, खालच्या भागात युरोक, स्मिथ नदीच्या परिसरात टोलोवा, रोग् नदीच्या खोऱ्यात टाकेल्मा आणि पूर्वेकडे शास्ता ही त्यांपैकी प्रमुख होत. नद्यांतील सॅमन मासे व ओकची फळे हे त्यांच्या आहाराचे दोन आधार. ओकची फळे कुटून, पाण्याने त्यांतील कडवटपणा काढून त्यांचे पीठ केले जाई. या जमाती ठरावीक काळाने वनातील पालापाचोळा व झुडपे जाळीत असत. त्यामुळे ओकच्या झाडांखालची जमीन मोकळी राही, फळांतील किडींचा उपद्रव कमी होई आणि हेझलचे सरळ कोंब व बेअरग्रासची लवचिक पाती फुटून टोपल्या विणण्यास उपयोगी पडत. म्हणून बाहेरून आलेल्यांना जे वन मानवी स्पर्शाविना वाढलेले वाटले, ते बऱ्याच अंशी मानवी हातांनी राखलेले होते. उंच माथ्यांवर वस्ती नव्हती. चिम्नी रॉक, डॉक्टर रॉक यांसारखी शिखरे कारुक, युरोक व टोलोवा लोकांनी पवित्र मानलेली आहेत. वैदू स्त्रीपुरुष एकान्त व मौन पाळून तेथे प्रार्थना करतात व तेथून मिळविलेली शक्ती जगाच्या नवीकरणाच्या विधींना लागते, अशी श्रद्धा आहे. तेथे पायी चढून जाणे हा या उपासनेचाच एक भाग होय.

यूरोपीयांचे आगमन व सोन्याचा शोध : १८२७ मध्ये हडसन्स बे कंपनीचे पीटर स्कीन ऑग्डन हे बीव्हरच्या कातड्यांच्या शोधात पूर्वेकडील खिंडीतून रोग् खोऱ्यात उतरले. पुढील वर्षी जेडेडाया स्मिथ यांनी किनाऱ्याकडील बाजूने वाट काढली. त्यांच्यावरून स्मिथ नदीचे नाव पडले. ‘सिस्कियू’ हा शब्द चिनूक या व्यापारी मिश्रभाषेतील असून त्याचा अर्थ आखूड शेपटीचा घोडा असा होतो आणि कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा असा घोडा खिंडीतील बर्फात मेल्यावरून हे नाव आले, असे सांगितले जाते. ते ‘सहा खडक’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आल्याचेही एक मत आहे.

१८५१ मध्ये जोझेफीन ओढ्यात सोने सापडले आणि त्या हिवाळ्यात जॅक्सनव्हिल येथेही त्याचा शोध लागला. लवकरच हजारो लोक या खोऱ्यांत लोटले. ओढ्यांची पात्रे उकरली गेली, पुढे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगरांचे उतारच धुऊन काढण्यात आले. गाळाने मासे नष्ट झाले, डुकरांनी ओकची फळे फस्त केली व स्थानिक जमातींचे अन्न तुटले. यातून उद्‌भवलेल्या संघर्षाची परिणती १८५५–५६ च्या रोग् नदीच्या युद्धात झाली. त्यानंतर रोग् खोऱ्यातील उरलेल्या लोकांना दूर उत्तरेस किनाऱ्यावरील राखीव क्षेत्रात नेण्यात आले. खाणवाल्यांना ओढे हवे होते, माथे नव्हेत. त्यामुळे खेचरांच्या वाटांपलीकडे त्यांनी डोंगरात मार्ग केले नाहीत. १८८७ मध्ये पूर्वेकडील सिस्कियू खिंडीतून लोहमार्ग पूर्ण झाला आणि पोर्टलंड व सॅन फ्रान्सिस्को जोडली गेली. मधला पश्चिमेकडील डोंगराळ भाग मात्र तसाच राहिला. क्रोमाइटच्या खाणींसाठी दोन्ही महायुद्धांच्या काळात तेथे काही कच्च्या वाटा काढल्या गेल्या, पण खनिजाचे साठे लहान व विखुरलेले असल्याने त्या पुढे सोडून देण्यात आल्या.

राखीव वने व वणवे : १९०५–०६ मध्ये या प्रदेशाचा बहुतांश भाग राष्ट्रीय वने म्हणून राखीव करण्यात आला. नव्या वनसेवेने वणवा हा वनाचा शत्रू मानला. जमातींनी पूर्वापार चालविलेले जाळणे गुन्हा ठरले. १९३५ पासून तर कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणावी, असे धोरण देशभर अवलंबिण्यात आले. त्यासाठी शिखरांवर टेहळणीची ठाणी उभारण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात या वनांचा एक अनपेक्षित संबंध आला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीवरून उडालेल्या लहान विमानातून वैमानिक नोबुओ फुजिता यांनी ब्रुकिंग्जजवळील मौंट एमिलीवर आगलावे बाँब टाकले. वन ओले असल्यामुळे वणवा पेटला नाही व लागलेली आग वनरक्षकांनी विझविली. वनांतून आग हद्दपार करण्याच्या या धोरणाचा परिणाम मात्र सावकाश दिसून आला. ओकच्या मोकळ्या राईंत लहान फर दाटीने वाढले व वाळलेल्या लाकूडफाट्याचा साठा वर्षानुवर्षे साचत गेला.

रस्त्यांचा प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीसाठी लाकडाची मागणी वाढली. खाजगी वने संपत आल्याने राष्ट्रीय वनांतील वृक्षतोड वाढविण्यात आली आणि तोड म्हणजे रस्ता हे समीकरण झाले. १९४६ मध्ये कल्मिऑप्सिसचा परिसर संरक्षित ठरविण्यात आला. १९६४ च्या वन्यक्षेत्र अधिनियमाने त्याला विधिमंडळाचे संरक्षण मिळाले व १९७८ मध्ये त्याचे क्षेत्र सु. ७२,००० हेक्टरांपर्यंत वाढविण्यात आले. परंतु त्याभोवतीचा मोठा प्रदेश रस्ते नसलेला, तरीही असंरक्षित असाच राहिला. वनसेवेने १९७० नंतरच्या दशकात अशा सर्व क्षेत्रांची दोन वेळा पाहणी करून त्यांतील कोणती राखावीत व कोणती तोडीस खुली करावीत यांच्या याद्या केल्या. ही पाहणी पुरेशी नसल्याचा निर्णय १९८२ मध्ये न्यायालयाने कॅलिफोर्नियातील क्षेत्रांसंबंधी दिला. १९८३ मध्ये कल्मिऑप्सिसच्या उत्तरेस बाल्ड पर्वतावर रस्ता सुरू झाला, तेव्हा काही निदर्शकांनी यंत्रांसमोर उभे राहून काम अडविले. त्यांपैकी अनेकांना अटक झाली. त्याच उन्हाळ्यात न्यायालयाने ते काम थांबविले. तोडीवर उपजीविका असलेल्या गावांनी याला तीव्र विरोध केला. तेथील आरा गिरण्या, शाळांचा खर्च व जिल्ह्यांचे उत्पन्न हे सर्व राष्ट्रीय वनांतील लाकडावर अवलंबून होते.

याहून दूरगामी ठरला तो गॅस्केट-ऑर्लिन्झ रस्त्याचा वाद. स्मिथ नदीवरील गॅस्केट व क्लॅमथवरील ऑर्लिन्झ या गावांना जोडणारा सु. १२० किमी.चा पक्का रस्ता वनसेवेने योजिला होता. दोन्ही टोकांकडून तो बांधला जाऊन सु. दहा किमी.चा मधला भाग उरला. हा भाग नेमका चिम्नी रॉकच्या पवित्र परिसरातून जाणार होता. वनसेवेनेच करविलेल्या १९७९ च्या अभ्यासात, कोणत्याही मार्गाने रस्ता नेला तरी या स्थानांची कधीही भरून न येणारी हानी होईल, असा निष्कर्ष निघाला. तरीही १९८२ मध्ये रस्ता पूर्ण करण्याचे ठरले. जमातींच्या व निसर्गरक्षकांच्या संघटना आणि कॅलिफोर्निया राज्य यांनी दावा दाखल केला. १९८३ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने रस्त्यास मनाई केली व अपील न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ती उचलून धरली. १९८८ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय फिरविला. रस्त्यामुळे जमातींच्या उपासनेचे गंभीर नुकसान होईल हे बहुमताने नाकारले नाही. परंतु शासनाने स्वतःच्या जमिनीचा वापर कसा करावा, याला कोणाच्या धर्मश्रद्धेमुळे घटनात्मक बंधन पडत नाही, असे न्या. सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी बहुमताच्या निर्णयात म्हटले. ज्या धर्मात भूमी हेच उपासनेचे साधन आहे, त्याला या अर्थाने घटनेचे संरक्षण उरतच नाही, असा न्या. विल्यम ब्रेनन यांच्या भिन्नमतपत्रिकेचा आशय होता.

विशेष हे, की न्यायालयात हरलेला पक्ष विधिमंडळात यशस्वी झाला. दावा चालू असतानाच १९८४ च्या कॅलिफोर्निया वन्यक्षेत्र अधिनियमाने सु. ६२,००० हेक्टरांचे सिस्कियू वन्यक्षेत्र निर्माण झाले होते. रस्त्यासाठी फक्त एक अरुंद पट्टा त्यातून वगळण्यात आला होता. १९९० मध्ये स्मिथ नदी राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राच्या अधिनियमाने तो पट्टाही वन्यक्षेत्रात समाविष्ट केला. रस्ता पूर्ण झाला नाही. दोन्ही टोकांचे पक्के रस्ते डोंगरात जाऊन संपतात. तथापि १९८८ चा निर्णय कायम असून पवित्र भूमीविषयीच्या पुढील दाव्यांत त्याचा आधार घेतला जातो. त्यामुळे डोंगर वाचला, पण तो वाचविण्याचा हक्क सिद्ध झाला नाही, असेच म्हणावे लागते.

सीडारचा रोग : रस्त्याचा वनस्पतींवर होणारा परिणाम पोर्ट ऑर्फर्ड सीडारच्या बाबतीत स्पष्टपणे दिसतो. या वृक्षाचे बी १८५४ मध्ये एडिंबरोच्या लॉसन रोपवाटिकेत पोहोचले व पुढे यूरोपातील उद्यानांत तो लोकप्रिय झाला. जपानमधील हिनोकी वृक्षाशी साम्य असल्याने त्याच्या लाकडाला तेथे मोठी किंमत येई. फायटोप्थोरा लॅटरॅलिस हा कवकसदृश सूक्ष्मजीव त्याची मुळे कुजवितो. १९२३ च्या सुमारास सिॲटल परिसरातील शोभेच्या झाडांवर हा रोग दिसला व १९५२ मध्ये तो ओरेगनच्या किनाऱ्यावरील नैसर्गिक वनांत पोहोचला. त्याची बीजुके पाण्याबरोबर उतारावरून खाली वाहतात, मात्र ती आपण होऊन डोंगर चढू शकत नाहीत. मालमोटारींच्या चाकांना व यंत्रांना लागलेल्या चिखलाबरोबर ती एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात. रस्ते ओलांडून जाणाऱ्या ओढ्यांच्या काठी रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांत आढळून आले आहे. म्हणून पावसाळी महिन्यांत काही रस्ते बंद ठेवणे, वाहने धुणे व रोगप्रतिकारक वृक्षांपासून रोपे तयार करणे असे उपाय योजले जातात. २०१० च्या सुमारास हा सूक्ष्मजीव तैवानमधील जुन्या सीडार वनांत आढळला. त्यावरून त्याचे मूळ आशियात असावे, असे मानले जाते.

अलीकडील वणवे : १९८७ मध्ये विजेमुळे लागलेल्या सिल्व्हर वणव्यात सु. ३९,००० हेक्टर क्षेत्र होरपळले. जुलै २००२ मध्ये सुरू झालेल्या बिस्किट वणव्याने सु. २ लाख हेक्टर क्षेत्र व्यापले आणि जवळजवळ संपूर्ण कल्मिऑप्सिस वन्यक्षेत्र त्यात सापडले. त्यानंतर जळलेले वृक्ष तोडून नेण्यावरून वाद पेटला. तोडीमुळे आपोआप उगवलेल्या सूचिपर्णी रोपांची संख्या सु. ७० टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष ओरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला व त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. २०१७ च्या चेटको बार वणव्यात सु. ७७,००० हेक्टर व २०१८ च्या क्लॉन्डाइक वणव्यात सु. ७१,००० हेक्टर क्षेत्र जळले. सप्टेंबर २०२० मध्ये स्लेटर वणव्याने क्लॅमथकाठच्या हॅपी कॅम्प गावातील अनेक घरे भस्मसात केली. त्यांत कारुक कुटुंबांची घरेही होती. येथील वनश्री आगीला नवखी नाही. नॉबकोन पाइनची शंकुफळे उष्णतेनेच उघडतात. टॅनओक व माद्रोन बुंध्यापासून पुन्हा फुटतात. ब्रुअर स्प्रूसची साल मात्र पातळ असून तो आगीत तग धरू शकत नाही. तीव्र वणवे लागोपाठ लागत राहिल्यास सूचिपर्णी वनांच्या जागी कायमची झुडपी राने येतील, अशी चिंता व्यक्त केली जाते. ओरेगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात २००१ पासून टॅनओक मारणाऱ्या आणखी एका फायटोप्थोरा रोगाचीही भर पडली आहे.

या अनुभवातून जमातींच्या जुन्या रीतीकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. कारुक जमातीने आपल्या प्रदेशात नियंत्रित जाळण्याची परंपरा पुन्हा सुरू केली असून कॅलिफोर्निया राज्याने २०२१ नंतरच्या विधींनी तिला मान्यता दिली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जे कृत्य वनाचा गुन्हा ठरले होते, तेच वनरक्षणाचे साधन म्हणून स्वीकारले जात आहे.

संरक्षणाची सद्यःस्थिती : सिस्कियू व कॅस्केड यांच्या संगमावरील प्रदेश २००० मध्ये त्यातील जैव विविधतेमुळे राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला व २०१७ मध्ये त्याचा विस्तार करण्यात आला. २००६ मध्ये सिस्कियू वन्यक्षेत्रात आणखी भर पडली. सर्पेंटाइन प्रदेशात निकेलच्या खाणी काढण्याचे प्रस्ताव पुढे आल्यावर जानेवारी २०१७ मध्ये नैर्ऋत्य ओरेगनमधील सु. ४१,००० हेक्टर जमीन वीस वर्षांसाठी नव्या खाणदाव्यांतून वगळण्यात आली. वन्यक्षेत्रांबाहेरील रस्ते नसलेल्या भागांना मात्र विधिमंडळाचे नव्हे, तर २००१ च्या प्रशासकीय नियमाचे संरक्षण लाभलेले आहे. देशभरातील सु. २·३७ कोटी हेक्टर राष्ट्रीय वनांत या नियमाने नवे रस्ते व बहुतेक वृक्षतोड यांना मनाई केली. हा नियम रद्द करण्याचा मनोदय संघीय कृषी खात्याने जून २०२५ मध्ये जाहीर केला. वणवे विझविण्यास व वने विरळ करण्यास रस्ते हवेत, असे त्यामागील एक कारण देण्यात आले. रस्त्यांच्या कडेनेच मानवी हातून लागणाऱ्या आगी, परकी रोग व धूप यांचा शिरकाव होतो, हा विरोधकांचा मुद्दा आहे.

सिस्कियूचा इतिहास पाहता या दोन्ही बाजूंना त्यात आधार सापडतो. आग पूर्णपणे रोखल्याने हे वन सुरक्षित झाले नाही आणि केवळ माणसाला दूर ठेवल्यानेही ते पूर्वीसारखे राहिले नाही. परंतु ब्रुअर स्प्रूस, कल्मिऑप्सिस व निरोगी सीडारच्या राई आज ज्या खोऱ्यांत आढळतात, त्यांपैकी बरीच खोरी चाके पोहोचू न शकलेली आहेत. कठीण खडक व तीव्र उतार यांनी दीर्घकाळ जे रक्षण केले, ते यापुढे मनुष्याच्या निर्णयावर अवलंबून राहील. एकदा बांधलेला रस्ता बंद करता येतो, पण त्यावरून ओढ्यात उतरलेला रोग परत नेता येत नाही, हे या प्रदेशाच्या वनश्रीने दाखवून दिले आहे.